आधी ठिकाण, मग किरण

जिल्ह्यात किरणोपचाराचे नवे यंत्र आले की मांडव पडतो, पालकमंत्री येतात, फीत कापली जाते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात यंत्राशेजारी उभ्या मान्यवरांचा फोटो असतो. यंत्र कोणत्या देशातून आले, किती कोटींना पडले, दिवसाला किती रुग्ण होतील, हे सगळे छापून येते. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. किरण नेमके कुठे मारायचे, हे त्या यंत्राला सांगणार कोण?

इस्लामपूर आणि वाळवा तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न लांबचा वाटण्याचे कारण नाही. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग निघाला की फाईल काखेत मारून तो कराड, मिरज किंवा कोल्हापूर गाठतो. पुणे-बंगळूर महामार्ग दाराशी असल्याने या तिन्ही गावांना जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून मिरजेची ओळखच दवाखान्यांचे गाव अशी आहे. कराडला वैद्यकीय विद्यापीठ आहे. पाच-सहा आठवडे रोज ये-जा करून ‘शेक’ घेतलेली माणसे आता प्रत्येक गावात भेटतात. सांगली-साताऱ्याचा हा पट्टा किरण देणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत पोरका नाही. उणीव आहे ती त्याआधीच्या पायरीवर, गाठ शोधण्याच्या आणि तिची हद्द ठरवण्याच्या कामात.

हद्दीचे हे काम किती मोलाचे, ते शाळेतल्या गणितानेही कळते. दोन सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ घेतली तर तिचे आकारमान ४.२ घन सेंटीमीटर भरते. ती नक्की कुठे संपते याची खात्री नाही, म्हणून डॉक्टरांनी चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर जास्त धरला, तर किरण १४ घन सेंटीमीटर भागावर पडतात. एक सेंटीमीटर जास्त धरला तर साडेतेहतीस. म्हणजे एका सेंटीमीटरच्या अनिश्चिततेपोटी गाठीच्या आठपट भाग भाजून निघतो, आणि त्यातला सात हिस्से भाग निरोगी असतो. फुप्फुसात ही जादा किंमत दम लागण्याच्या रूपाने मोजावी लागते, मानेत लाळग्रंथी सुकतात, ओटीपोटात आतड्याला आणि मूत्राशयाला इजा होते. उलट हद्द आखडती घेतली आणि गाठीचा एक कोपरा बाहेर राहिला, तर सहा आठवड्यांची ये-जा वाया जाते.

त्यात गाठ एका जागी बसून राहत नाही. फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ दर श्वासाला खालीवर होते, कधी एक-दोन सेंटीमीटरही सरकते. पोट भरलेले की रिकामे, मूत्राशय किती फुगलेले, वजन किती उतरले, यावर आतल्या अवयवांची जागा रोज थोडी बदलते. यावर उपाय निघालेले आहेत. श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर चित्रे घेणारा फोर-डी सीटी आहे, उपचाराच्या टेबलावरच रोज काढायचा कोन बीम सीटी आहे, आणि रुग्णाकडून श्वास रोखून धरण्याचा सराव करून घेणे हा तर जवळपास बिनखर्चाचा उपाय आहे. तरीही सीटीची एक मर्यादा उरतेच. गाठीने श्वासनलिका दाबल्यामुळे पुढचे फुप्फुस मिटून बसले असेल, तर सीटीवर गाठ आणि मिटलेले फुप्फुस एकसारखेच पांढरे दिसतात. सीटी घराचा नकाशा दाखवतो. दिवा कोणत्या खोलीत जळतो आहे, हे त्यावरून कळत नाही.

ते पेट स्कॅनवरून कळते, आणि त्यामागचे तत्त्व साखरपट्ट्यातल्या वाचकाला सहज उमजावे असे आहे. बऱ्याच कर्करोगी पेशी ग्लुकोजचा फडशा पाडतात, हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात पाहिले होते. ग्लुकोजच्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडला की एफडीजी नावाचे द्रव्य तयार होते. १९७६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते प्रथम माणसाला टोचण्यात आले. पेशी ते साखर समजून आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही, त्यामुळे ते पेशीतच अडकून पडते. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्याच इलेक्ट्रॉनला भिडतो, दोन्ही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण नेमक्या विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यातले शोधक ही जोडी एकाच क्षणी टिपतात. अशा लाखो जोड्यांच्या रेषा जुळवल्या की पेशी कुठे साखर ओढत आहेत, त्याचे चित्र उभे राहते. ते सीटीच्या नकाशावर बसवले की झाला पेट-सीटी.

या शास्त्राचे भारतातले माहेर महाराष्ट्रच आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय आरोग्य खात्याकडे नसून अणुऊर्जा विभागाकडे आहे, याचे आजही अनेकांना नवल वाटते. होमी भाभांच्या काळात तुर्भ्याला जे उभे राहिले, त्यात बॉम्ब आणि वीज यांच्याइतकेच औषधी समस्थानिकांनाही स्थान होते. ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली आणि १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला उघडले. फ्लोरिन-१८ बनवणारे देशातले पहिले मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट यंत्र २००२ मध्ये तिथेच बसले. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, टाटा रुग्णालयात देशातला पहिला पेट-सीटी आला. कोबाल्टवर चालणारे ‘भाभाट्रॉन’ हे देशी किरणोपचार यंत्रही भाभा केंद्राचेच. शोधणारे आणि मारणारे, अशी दोन्ही प्रकारची यंत्रे हाताळण्याचा अनुभव या राज्यात वीस वर्षांहून अधिक काळ जमा झाला आहे. तो महामार्गाने साडेतीनशे किलोमीटर खाली उतरायला इतका वेळ का लागावा?

पेटच्या चित्रावर विसंबून हद्द आखली तर रुग्णाला खरोखर फायदा होतो का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणाऱ्या चाचण्या झाल्या आहेत. जर्मनीच्या पुढाकाराने झालेल्या ‘पेट-प्लॅन’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कर्करोग छातीत पसरलेल्या २०५ रुग्णांची त्यात दोन गटांत विभागणी केली होती. एका गटात नेहमीच्या रीतीने मोठे क्षेत्र धरले, दुसऱ्यात फक्त पेटवर दिसलेल्या भागाला लक्ष्य केले. ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण झालेल्यांमध्ये वर्षभरात त्याच भागात रोग पुन्हा वाढण्याचे प्रमाण पहिल्या गटात २९ टक्के होते, दुसऱ्यात १४ टक्के. क्षेत्र लहान केल्याने रोग निसटेल ही भीती खोटी ठरली. लहान क्षेत्रामुळे जास्त मात्रा देता आली, हे त्यातले इंगित.

मुंबईतले उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. टाटा रुग्णालयात पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, जास्त धोक्याच्या कर्करोगावर एक चाचणी झाली. २२४ रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त ग्रंथीवर किरण दिले, निम्म्यांना ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही. पाच वर्षांनंतर रक्ततपासणीत रोग परतल्याची खूण न दिसलेले रुग्ण दुसऱ्या गटात ९५ टक्के होते, पहिल्या गटात ८१ टक्के. ही चाचणी पेटची नव्हती, हे स्पष्ट करायला हवे. पण त्यातल्या सुमारे ८० टक्के रुग्णांची पीएसएमए पेट-सीटी (साखरेऐवजी प्रोस्टेटच्या पेशींवरच्या प्रथिनाचा माग काढणारी) तपासणी आधी झाली होती. रोग आधीच दूरवर पोचलेले रुग्ण त्यामुळे बाजूला काढता आले आणि उरलेल्यांवरच्या उपचाराचा निकाल स्वच्छ दिसला. कुणाला किरण द्यायचे, इथपासूनच पेटचे काम सुरू होते, ते असे.

तिसरे उदाहरण उपचारानंतरचे. ब्रिटनमध्ये डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या ५६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांची मानेची शस्त्रक्रिया आधीच ठरवलेली होती. उरलेल्यांचा किरणोपचारानंतर बारा आठवड्यांनी पेट-सीटी काढला आणि गरज दिसली तरच शस्त्रक्रिया केली. पहिल्या गटात २२१ जणांच्या मानेवर सुरी चालली, दुसऱ्यात ५४. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. मात्र तिथले बहुतेक रुग्ण विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाचे होते. आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्याने गालफडे पोखरलेली असतात. तिकडचा आकडा जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही, एवढा विवेक ठेवूनच तो वाचायला हवा.

आता पुढची झेप. आतापर्यंतचा पेट उपचाराच्या आधी किंवा नंतर काढलेला. किरण सुरू असतानाच गाठीने स्वतःचे ठिकाण सांगितले तर? कॅलिफोर्नियातील रिफ्लेक्झियन या कंपनीने असे यंत्र बनवले. त्याच्या फिरत्या कड्यात किरण सोडणारा लिनॅक आहे आणि त्याच कड्यावर पेटचे शोधक दोन कमानींत बसवले आहेत. कडे मिनिटाला साठ फेऱ्या घेते. गाठीतून निघालेले गॅमा किरण शोधकांनी टिपले की सेकंदाच्या अंशात यंत्र त्याच दिशेने किरण सोडते. गाठ श्वासाबरोबर सरकली, तर किरणही तिच्यामागे सरकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फुप्फुस आणि हाडांतल्या गाठींसाठी या पद्धतीला परवानगी दिली. स्टॅनफर्ड आणि टेक्सासमधल्या विद्यापीठ रुग्णालयांत तिची चाचणी झाली होती.

बातमी वाचून ‘आपल्याकडे कधी?’ असे कुणालाही वाटेल. प्रामाणिक उत्तर असे की आज तरी त्याची घाई नको.

कारणे साधी आहेत. या पद्धतीत प्रत्येक सत्राआधी रुग्णाला एफडीजी टोचावे लागते, तासभर थांबवावे लागते. म्हणून ती तीन ते पाच मोठ्या सत्रांत संपणाऱ्या उपचारांनाच परवडते. पंचवीस-तीस सत्रांच्या आपल्या नेहमीच्या रुग्णाला नाही. गाठ पुरेशी साखर ओढत नसेल तर यंत्राला इशारा मिळत नाही आणि रुग्णाला जुन्याच रीतीने किरण द्यावे लागतात. आणि एकाच कंपनीवर अवलंबून असलेल्या महागड्या यंत्रांचे काय होऊ शकते, हेही जगाने पाहिले आहे. एमआरआय आणि लिनॅक एकत्र आणणाऱ्या व्ह्यूरे या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीने जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिची यंत्रे घेतलेल्या रुग्णालयांपुढे दुरुस्ती आणि सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. मोठ्या शहरांतल्या श्रीमंत रुग्णालयांना असा धक्का पचतो, तालुक्याच्या ट्रस्टच्या दवाखान्याला तो बसवून टाकतो.

आपल्या भागापुढची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती घड्याळाची आहे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे. सायक्लोट्रॉनमधून निघालेली कुपी मुंबईहून शिशाच्या डब्यात घालून महामार्गाने आणली आणि दारापर्यंत सहा तास लागले, तर तिच्यातली किरणोत्सारिता दहाव्या हिश्श्यावर आलेली असते. एका रुग्णाच्या मात्रेसाठी मुंबईत दहा पट माल भरावा लागतो. खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला, तर त्या दिवसाचे रुग्ण उपाशीपोटी बसून परत जातात. म्हणून सायक्लोट्रॉन दोन तासांच्या अंतरावर आणण्याचा विचार सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांनी मिळून करायला हवा. प्रत्येक जिल्ह्याने आपापले पेट यंत्र मिरवण्यापेक्षा त्यात शहाणपण जास्त आहे. प्रोस्टेटच्या आणि काही विरळ गाठींसाठी गॅलियम-६८ चा जनरेटरही आहे. त्यातल्या जर्मेनियमपासून गॅलियम तयार होत राहते आणि जर्मेनियमचे अर्धायुष्य २७१ दिवसांचे, त्यामुळे एकदा आणलेला जनरेटर बरेच महिने जागेवरच औषध देतो. फुप्फुसाच्या रुग्णासाठी मात्र एफडीजीला तो पर्याय नाही.

यंत्र आले, औषध आले, तरी चित्र वाचणारा माणूस लागतो. पेटवर उजळलेला प्रत्येक ठिपका कर्करोग नसतो. क्षयाची गाठही साखर ओढते, न्यूमोनियाही ओढतो, नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेची जखमही. मेंदू तर नेहमीच उजळतो, हृदयही अनेकदा. ज्या देशात क्षय घरोघरी माहीत आहे, तिथे छातीतल्या उजळ लसिकाग्रंथीला डोळे झाकून कर्करोग म्हणणे म्हणजे निरोगी भागाला जाळणे किंवा बरा होणारा रुग्ण असाध्य ठरवणे. सुईने तुकडा काढून तपासण्याला पेट हा पर्याय नाही. न्यूक्लिअर मेडिसिनचे तज्ज्ञ आणि किरणोपचाराचे डॉक्टर एका पडद्यासमोर बसून हद्द आखतात, तिथेच या तपासणीचा पैसा वसूल होतो.

इथेच आपली व्यवस्था ढिली आहे. रुग्ण एका शहरात पेट-सीटी काढतो, दुसऱ्या शहरात किरण घेतो. पेटच्या वेळी तो बाकदार टेबलावर हात खाली घेऊन झोपलेला असतो, किरणांच्या वेळी सपाट टेबलावर, डोके-मान हलू नये म्हणून मास्क लावून किंवा हात डोक्यावर घेऊन. मधे तीन-चार आठवडे गेलेले असतात. ही दोन चित्रे संगणकावर एकमेकांवर बसवताना मान वळलेली असते, खांदे सरकलेले असतात, आणि ज्या अर्ध्या सेंटीमीटरसाठी एवढा खटाटोप केला तोच हातातून निसटतो. खरे तर यासाठी नवे संशोधन लागत नाही. पेटच्या टेबलावर सपाट फळी टाकायची, किरणोपचाराचा मास्क तिथेच लावायचा, तंत्रज्ञाने रुग्णाला उपचाराच्या स्थितीत झोपवायचे आणि चित्रांची सीडी नव्हे, मूळ डेटा उपचार केंद्राला पाठवायचा. खर्च लागतो तो दोन विभागांनी एकमेकांना फोन करण्याचा.

पैशाचा प्रश्न सरकारकडे जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे, आणि २०२३ च्या निर्णयानंतर योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेले. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये कर्करोग उपचारांच्या त्रिस्तरीय धोरणालाही मान्यता दिली. या धोरणाची अंमलबजावणी करताना किरणोपचाराचे पॅकेज म्हणजे केवळ ‘इतकी सत्रे’ असा हिशेब चालणार नाही. ज्या कर्करोगांत पेटमुळे हद्द बदलते हे सिद्ध झाले आहे, त्यांच्यासाठी उपचाराच्या स्थितीतला पेट-सीटी हा उपचाराचाच भाग धरला जावा. ज्यांत तो सिद्ध नाही, तिथे त्याचे पैसे देऊ नयेत. सरसकट प्रत्येकाचा पेट काढण्याचा धंदा सुरू झाला, तर योजनेची थैली रिकामी होईल आणि गरजूला रांगेत मागे ढकलले जाईल.

रुग्णाच्या घरच्यांच्या मनातली दोन भुतेही उतरवायला हवीत. पहिले ‘अणू’ या शब्दाचे. एफडीजी टोचलेल्या माणसाने त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे, गरोदर बाईजवळ आणि तान्ह्या मुलाजवळ काही तास बसू नये, एवढेच पथ्य. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत किरणोत्सारिता मूळच्या जवळपास हजाराव्या हिश्श्यावर आलेली असते. दुसरे भूत साखरेचे. गाठ साखर खाते, असे स्कॅन सेंटरमध्ये ऐकून आलेली मंडळी घरी रुग्णाचा गूळ, भात, भाकरी तोडतात. गाठ रक्तातले ग्लुकोज घेते, आणि ते शरीर स्वतःच तयार करत राहते. ताटातली भाकरी काढून गाठ उपाशी मरत नाही. उपाशी पडतो तो रुग्ण, आणि वजन उतरले की मास्क सैल होतो, आखलेली हद्द चुकते. तपासणीआधीचे चार-सहा तास उपाशी राहणे आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे गरजेचे. त्यापलीकडचे उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

किरण सुरू होण्याआधी नातेवाइकांनी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. गाठीची हद्द कोणत्या चित्रावरून आखली? ते चित्र किती दिवसांपूर्वीचे आणि कोणत्या स्थितीत काढलेले? आणि श्वासाबरोबर गाठ हलते का, हे पाहिले आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट पडद्यावर चित्र उघडून दाखवतो. आणि हेच प्रश्न सांगली आणि साताऱ्याच्या जिल्हा नियोजन समित्यांत, पुढच्या यंत्राच्या निधीला मंजुरी देण्याआधी, लोकप्रतिनिधींनी विचारावेत.